पळपुटेपणाचा शेरा आणि चुकलेलं नाव: अमेरिकी सैनिकाची नोंद शोधताना, दुरुस्त करताना

अमेरिकेतल्या मराठी घरांत हा प्रश्न दोन वाटांनी येतो. एखादा भाचा-पुतण्या तिथल्या सैन्यात नोकरी करून बाहेर पडतो आणि त्याच्या कागदावर नाव, तारीख किंवा सेवामुक्तीचं कारण चुकलेलं निघतं. नाहीतर लग्नामुळे जोडलेल्या अमेरिकी घराण्यात तिथल्या यादवी युद्धातला (१८६१–६५) एखादा पूर्वज सापडतो आणि त्याच्या कार्डावर ‘पळून गेला’ असा शेरा दिसतो. आमच्याकडे दोन्ही झालं. नवऱ्याचे खापरपणजोबा ओहायोच्या एका पलटणीत होते. कागदोपत्री ते फरार, आणि तरीही त्यांच्या विधवेला सरकारी पेन्शन मिळत होती. हे जमलं कसं, याच्या मागे लागून मी या कागदपत्रांत शिरले. भाच्याचं प्रकरण आलं तोवर वाट बरीचशी ओळखीची झाली होती.

दोन्ही वेळा ओळखीच्या मंडळींनी एकच सल्ला दिला: “आपल्या काँग्रेसमनला भेटा, बिल आणायला सांगा.” म्हणजे अमेरिकी संसदेतल्या आपल्या प्रतिनिधीने त्या एका माणसासाठी विधेयक मांडायचं. हा सल्ला १९४६ सालीच शिळा झाला. तरीही तो सुटत नाही, कारण व्हिसा आणि नागरिकत्वाच्या प्रकरणांत एकेका माणसासाठी आणलेली विधेयकं आजही अधूनमधून ऐकू येतात. सैनिकी नोंदीचा मार्ग वेगळा आहे. तो क्रमाने सांगते.

१. शोधायचंय की दुरुस्त करायचंय, ते आधी ठरवा

पूर्वज १९४६ च्या आधीचा असेल आणि त्याचं काय झालं एवढंच जाणून घ्यायचं असेल, तर हे शोधाचं काम आहे. पायरी २ ते ५ वाचा. माणूस हयात असेल, किंवा नुकताच गेला असेल आणि घरच्यांचे हक्क अडकले असतील, तर सरळ पायरी ६ वर जा. अभिलेखागारातला माणूस नोंद दुरुस्त करत नाही आणि दुरुस्तीचं बोर्ड तुमच्यासाठी वंशावळ शोधत नाही. चुकीच्या दारात उभं राहिलात की उत्तर सभ्य भाषेत येतं, पण बरंच उशिरा येतं.

२. खासगी कायदा म्हणजे काय

इथे काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद. आपल्याकडे खासदार व्यक्तिशः मांडतो त्या अशासकीय विधेयकाशी याचा संबंध नाही. अमेरिकेत खासगी कायदा म्हणजे एका नावाच्या माणसासाठी केलेला कायदा: दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेला, राष्ट्राध्यक्षांनी सही केलेला, आणि लागू फक्त त्या एकालाच.

यादवी युद्धानंतर असे कायदे भराभर होऊ लागले. त्यामागे पैसा होता. २७ जून १८९० च्या पेन्शन कायद्याने नव्वद दिवसांची सेवा आणि सन्मानपूर्वक सेवामुक्ती या अटी घातल्या. विधवेचा हक्कही त्यावरच अवलंबून होता. म्हणजे पलायनाचा शेरा असलेल्या माणसाच्या घरात पेन्शनचा दरवाजा बंद. आणि असे शेरे सगळेच काही रणांगणातून पळालेल्यांचे नव्हते. १८६५ च्या उन्हाळ्यात लढाई संपल्यावर पलटण रीतसर मोडली जाण्याची वाट न बघता कित्येक शेतकरी गडी सरळ घरी निघून गेले. कुणी इस्पितळातून सुटला आणि कागद त्याच्यामागून पोचलाच नाही. हजेरीपटाच्या दृष्टीने हे सगळे फरार.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण मात्र साध्या शिपायाचं नव्हतं. जनरल फिट्झ जॉन पोर्टर यांना बुल रनच्या दुसऱ्या लढाईतल्या वर्तनाबद्दल जानेवारी १८६३ मध्ये कोर्ट मार्शलने बडतर्फ केलं. १८७९ मध्ये चौकशी मंडळाने त्यांना निर्दोष ठरवलं, तरी पद परत मिळायला कायदाच लागला. १८८४ साली राष्ट्राध्यक्ष आर्थर यांनी तो नाकाराधिकार वापरून परत पाठवला, आणि १ जुलै १८८६ ला पुढचे राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी सही केली. पोर्टर कर्नल म्हणून परत आले, पण मागचा पगार मिळाला नाही. हा तपशील ध्यानात ठेवा, पायरी ५ मध्ये लागेल.

काँग्रेसवर या विधेयकांचा इतका भार पडला की २ ऑगस्ट १९४६ च्या संसदीय पुनर्रचना कायद्याने ती घ्यायचीच नाहीत असं ठरलं. त्याच कलमात नौकावाहतुकीच्या नदीवरचा पूल बांधायची खासगी विधेयकंही बंद झाली. तोवर काँग्रेस पुलांपासून पळपुट्यांपर्यंत सगळं एकाच माळेत ओवत होती. नोंदी दुरुस्त करायचं काम सैन्याच्या खात्यांकडे गेलं, पण नागरिकांच्या मंडळांमार्फत. गणवेशातल्या माणसाची चूक गणवेशातल्याच माणसाने तपासायची नाही, हा त्यातला मला सगळ्यात पटलेला भाग.

३. जुन्या सैनिकाची नोंद मागवा

यादवी युद्धातल्या स्वयंसेवक सैनिकाची सेवा-कार्डं वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. सेवेच्या नोंदीसाठी ‘एनएटीएफ ८६’ आणि पेन्शनच्या फाइलसाठी ‘एनएटीएफ ८५’ असे वेगवेगळे फॉर्म आहेत. दोन्ही मागवा. पैसे वाचवायचे म्हणून एकच मागवायचा असेल तर पेन्शनची फाइल घ्या. तिच्यात शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, डॉक्टरांचे दाखले, लग्नाचे पुरावे असतात आणि माणूस त्यात दिसतो. कार्डात फक्त हजेरी असते. काही राज्यांची कार्डं ‘फोल्ड३’ या संकेतस्थळावरही आहेत.

इथे दोन खाचखळगे. पूर्वज कायमस्वरूपी सैन्यात असेल तर त्याचं कार्ड बनलेलंच नसतं, त्याची नोंद भरतीच्या वह्यांत बघावी लागते. दुसरा नावाचा. टोपणनावाने, चुलत्याच्या नावाने, इंग्रजी केलेल्या जर्मन आडनावाने भरती होणारे पुष्कळ होते. आडनावाची स्पेलिंगं जितकी सुचतील तितकी लिहून घ्या आणि प्रत्येकाने शोधा.

कार्डांच्या पाकिटात एक छोटी चिठ्ठी शोधा. तिच्यावर ‘नोटेशन’ असा मथळा आणि युद्धखात्याच्या नोंद व पेन्शन विभागाचं नाव असतं. आमच्या पाकिटात ती सगळ्यात मागे होती. अमुक तारखेच्या पलायनाचा आरोप अमुक दिवशी मंजूर झालेल्या कायद्यान्वये काढून टाकला, एवढाच मजकूर. बाकीच्या कार्डांवर ‘हजर’, ‘गैरहजर’, ‘इस्पितळात’ आणि शेवटी ‘पळाला’. शेवटचा शब्द कुणी खोडलेला नव्हता.

४. कायदा हुडका

चिठ्ठीतली कायद्याची तारीख बघा. ती ५ जुलै १८८४, १७ मे १८८६ किंवा २ मार्च १८८९ असेल तर थांबा, खासगी कायदा शोधू नका. हे तीन सर्वसाधारण कायदे होते. त्यांनी ठरावीक अटींत बसणाऱ्यांचा शेरा काढायची मुभा युद्धखात्यालाच दिली. लोक इथे नाहक वेळ घालवतात.

तारीख दुसरीच असेल तर खासगी कायदा असण्याची शक्यता मोठी. ‘स्टॅट्यूट्स अॅट लार्ज’ या कायद्यांच्या ग्रंथमालेत तो असतो. १७८९ ते १८४५ पर्यंतचे खासगी कायदे एकत्र सहाव्या खंडात आहेत. पुढचे त्या-त्या काँग्रेसच्या खंडात, तारखेच्या क्रमाने. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर जुने खंड फुकट आहेत. तारीख नसेल तर खंडाच्या शेवटची सूची आडनावाने चाळा. शीर्षकं साधारण तीन तऱ्हांची: ‘अमक्याच्या दिलाशासाठी’, ‘अमक्याची लष्करी नोंद दुरुस्त करण्यासाठी’, ‘अमक्याच्या नोंदीवरील पलायनाचा आरोप काढण्यासाठी’. पहिली तऱ्हा फसवी. त्याच शीर्षकाखाली बुडालेल्या बैलगाडीची भरपाईही असते, म्हणून मजकूर उघडून बघावाच लागतो.

विसाव्या शतकातल्या कायद्याच्या समासात विधेयकाचा क्रमांक छापलेला असतो. तो मिळाला की खरा खजिना उघडतो, तो म्हणजे लष्करी व्यवहार समितीचा अहवाल. ‘सीरियल सेट’ नावाच्या मालेत हे अहवाल आहेत. युद्धखात्याचं पत्र त्यात बहुधा जसंच्या तसं छापलेलं असतं, शिवाय साक्षीदारांनी काय सांगितलं आणि समितीला काय पटलं तेही. गावाबाहेरच्या ग्रंथालयात जायची वेळ आली तरी हा अहवाल सोडू नका. कायदा पाच ओळींचा, अहवालात अख्खी हकिकत.

कायदा सापडलाच नाही, तर विधेयक समितीतच मेलं असेल. बहुतेक खासगी विधेयकांचं तेच झालं. मग ‘काँग्रेशनल रेकॉर्ड’च्या सूचीत नाव बघा. तिथे विधेयक कधी मांडलं आणि कुठे अडलं ते कळतं. मूळ अर्ज राष्ट्रीय अभिलेखागाराच्या विधिमंडळ विभागात असू शकतात: प्रतिनिधिगृहाचे २३३ व्या आणि सिनेटचे ४६ व्या नोंदगटात.

५. कायद्याचे शब्द सावकाश वाचा

सगळा गोंधळ इथेच होतो. या कायद्यांचा साचा ठरलेला आहे. सन्मानपूर्वक सेवामुक्त सैनिकांना हक्क देणारे कायदे राबवताना, अमुक कंपनीतला, अमुक पलटणीतला अमुक माणूस ‘यापुढे’ सन्मानपूर्वक सेवामुक्त झाला असे ‘धरण्यात व मानण्यात येईल’. मग एक ‘परंतु’: हा कायदा मंजूर होण्याआधीचा पगार, इनाम, पेन्शन वा भत्ता देय होणार नाही.

म्हणजे तो पळाला नव्हता, असं कायदा म्हणत नाही. जुनी नोंद जागेवरच राहते आणि तिच्यावर नवा दर्जा चढतो. सातबारा बघितलेल्या माणसाला हे चटकन कळेल: जुनं नाव कंसात जातं, खाली फेरफाराचा क्रमांक येतो, पण पुसलं काहीच जात नाही. म्हणून एकाच पाकिटात ‘पळाला’ आणि ‘सन्मानपूर्वक’ दोन्ही दिसलं तर कुणी खोटे कागद केले असं समजू नका. आमच्या घरात अशी शंका पिढ्यान्‌पिढ्या होती.

आणि त्या ‘परंतु’मुळे वारसांनी थकबाकीची स्वप्नं बघू नयेत. पोर्टरसारख्या जनरलला नाही मिळाली.

६. आजची दुरुस्ती: दार कोणतं

आता हयात माणसाचं. दारं तीन आहेत. सगळ्यात हलकं दार आधी ठोठवा.

*टंकलेखनाची चूक.* सेवामुक्तीचा मुख्य कागद म्हणजे ‘डीडी २१४’. त्यातली जन्मतारीख, पदक, प्रशिक्षण अशी उघड चूक त्या दलाच्या मनुष्यबळ कार्यालयाकडून सुधारून मिळते, म्हणजे भूदलाचं केंटकीतल्या फोर्ट नॉक्सला, नौदलाचं टेनेसीतल्या मिलिंग्टनला, हवाई दलाचं टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओला. नवा २१४ मिळत नाही, ‘डीडी २१५’ ही दुरुस्तीची पुरवणी मिळते.

*सेवामुक्तीचा दर्जा किंवा कारण.* यासाठी सेवामुक्ती फेरतपासणी मंडळ, फॉर्म ‘डीडी २९३’, मुदत सेवामुक्तीपासून १५ वर्षं. जनरल कोर्ट मार्शलच्या शिक्षेने बडतर्फ झालेल्यांची प्रकरणं इथे चालत नाहीत.

*बाकी सगळं.* यासाठी लष्करी नोंद दुरुस्ती मंडळ, फॉर्म ‘डीडी १४९’. १९४६ साली जन्मलेलं हेच ते. भूदलाचं एक, नौदल आणि मरीन मिळून एक, हवाई दलाचं एक (अंतराळ दलही त्यातच), तटरक्षक दलाचं वेगळं. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा. मुदत टळली असेल तरी ‘न्यायाच्या हितासाठी’ ती माफ करायचा अधिकार मंडळाला आहे, म्हणून उशीर का झाला हे फॉर्मच्या त्या रकान्यात नीट लिहा. तो रकाना कोरा सोडणं ही सगळ्यात सर्रास दिसणारी चूक. सैनिक हयात नसेल तर जोडीदार, वारस किंवा कायदेशीर प्रतिनिधी अर्ज करू शकतात. फी नाही.

मंडळ दोनच गोष्टींवर दुरुस्ती करतं: चूक किंवा अन्याय. सुरुवातीला ते धरून चालतं की सैन्याने सगळं रीतसर केलं, उलट सिद्ध करणं तुमच्याकडे. “मुलगा फार गुणी आहे” हे पत्र दहा जणांनी लिहून दिलं तरी त्याने काही हलत नाही. अमुक तारखेचा आदेश असं सांगतो आणि २१४ च्या अमुक रकान्यात वेगळंच लिहिलं आहे, अशी दोन कागदांतली विसंगती दाखवा. मानसिक आघात, मेंदूला झालेली इजा किंवा सेवेत झालेला लैंगिक अत्याचार यामुळे वर्तन बिघडून वाईट दर्जा मिळाला असेल तर निकष उदार आहेत. संरक्षणमंत्री हेगल यांच्या सप्टेंबर २०१४ च्या सूचनेपासून ते धोरण आलं आणि पुढे वाढलं. त्याआधी अर्ज फेटाळला गेला असेल तर पुन्हा करा.

मराठी नावांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण हे दुसरीकडे कुणी सांगत नाही. पासपोर्टवर आपण ‘दिलेलं नाव’ या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र लिहितो. भरतीच्या कारकुनाने त्यातलं वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून घेतलं तर ठीक, पण कधी दोन्ही जोडून एकच शब्द होतो, कधी दुसरं गळतंच. पासपोर्टवर एकच नाव असेल तर व्हिसावर ‘एफएनयू’, म्हणजे नाव अज्ञात, असं छापून येतं आणि ती तीन अक्षरं नाव म्हणून पुढच्या कागदांवर जाऊन बसतात. भाच्याचा घोळ याच जातीचा होता. सेवेतल्या काळातल्या ग्रीन कार्डावर, सोशल सिक्युरिटीवर योग्य नाव होतं हे दाखवता आलं तर काम होतं. पण सेवामुक्तीनंतर लग्नाने किंवा स्वखुशीने नाव बदललं असेल तर २१४ बदलून मिळेल अशी आशा ठेवू नका. कागद बनला तेव्हा तो बरोबर होता, असं मंडळ म्हणतं आणि त्यात तथ्य आहे. तिथे विवाह दाखला सोबत जोडून भागवायचं.

७. बरोबर लागणारे कागद

डीडी २१४ ची प्रत. सैनिकी फाइल पूर्ण, सेंट लुईसच्या राष्ट्रीय कर्मचारी नोंद केंद्राकडून ‘एसएफ १८०’ फॉर्मवर किंवा ऑनलाइन मागवलेली. चूक दाखवणारा मूळ आदेश वा पत्र. वैद्यकीय कागद. मृत सैनिकासाठी मृत्यू दाखला आणि नात्याचा पुरावा. भारतातला जन्मदाखला मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर. आणि एका पानाचं निवेदन: तारखेच्या क्रमाने, प्रत्येक विधानापुढे जोडपत्राचा क्रमांक. मूळ कागद पाठवू नका.

फाइल आधी मागवा आणि हाती आल्यावरच अर्ज करा. आपल्याला ठाऊक नसलेला कागद मंडळाच्या हातात असणं फार महागात पडतं.

सेंट लुईसहून “नोंद जळाली” असं उत्तर येऊ शकतं, आणि ते खरं असतं. १२ जुलै १९७३ च्या आगीत एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख फाइली गेल्या: १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात भूदलातून सुटलेल्यांच्या सुमारे ८० टक्के, आणि सप्टेंबर १९४७ ते जानेवारी १९६४ मध्ये हवाई दलातून सुटलेल्यांपैकी ‘हबार्ड’नंतरच्या आडनावांच्या सुमारे ७५ टक्के. तरी हातपाय गाळू नका. केंद्र इतर कागदांवरून नोंद पुन्हा उभी करतं. आणि काउंटीच्या रेकॉर्डर कार्यालयात जरूर विचारा. पूर्वी घरी परतलेले सैनिक आपला सेवामुक्तीचा दाखला तिथे नोंदवून ठेवत, तो तसाच सापडतो.

८. काँग्रेस सदस्याचा उपयोग कुठे

विधेयकासाठी नाही, पण उपयोग आहे. अर्ज अडकला तर त्यांच्या स्थानिक कार्यालयात जा, माहिती देण्याच्या संमतीचा फॉर्म भरा, ते खात्याला विचारणा करतात. निकाल फिरवू शकत नाहीत. फाइल कुठे आहे एवढं मात्र कळतं, आणि तेही थोडं नाही.

पदकाची मुदत उलटली असेल तर त्यांची खरी गरज लागते. मुदतीनंतर पदकाचा विचार करा अशी शिफारस काँग्रेस सदस्यामार्फत जाते. सर्वोच्च मेडल ऑफ ऑनरसाठी मुदतीची अट काँग्रेस कायद्याने शिथिल करते. इराक युद्धात गेलेले सार्जंट अल्विन कॅश यांच्यासाठी असा कायदा डिसेंबर २०२० मध्ये झाला आणि पदक पुढच्या डिसेंबरात मरणोत्तर दिलं गेलं.

दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या ‘इंडियानापोलिस’ या युद्धनौकेचे कप्तान मॅकव्हे यांचं प्रकरणही बघण्यासारखं आहे; जहाज बुडाल्यावर त्यांना कोर्ट मार्शलने दोषी ठरवलं होतं. २००० साली काँग्रेसने फक्त आपलं मत नोंदवलं की त्यांना दोष देऊ नये, आणि २००१ मध्ये नौदलमंत्र्यांनी ते त्यांच्या फाइलमध्ये लावलं. कोर्ट मार्शलची शिक्षा खोडली गेली नाही. खापरपणजोबांच्या पाकिटातल्या चिठ्ठीपासून यात तत्त्वतः फारसा फरक नाही.

मोफत मदत अमेरिकन लीजन, डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटनांच्या प्रतिनिधींकडून मिळते. निकालाची हमी देऊन पैसे मागणाऱ्या ‘सल्लागारां’पासून लांब राहा.

९. निकाल आल्यावर

धीर धरा. कायद्यातली बाहेरची मर्यादाच १८ महिन्यांची आहे. नकार आला तर कारणं सविस्तर वाचा. नवा पुरावा असेल तर फेरविचार मागता येतो, त्याच पुराव्यावर मागितला तर कागद वाया. त्यापुढे संघीय न्यायालय आहे, पण तिथे वकिलाशिवाय जाऊ नका. मंडळांचे जुने निर्णय नावं काढून ऑनलाइन ठेवलेले असतात, आपल्यासारखी प्रकरणं शोधून वाचली की मंडळाला काय पटतं याचा अंदाज येतो. खरं तर हे अर्ज लिहिण्याआधीच करावं.

होकार आला तर दुरुस्ती आपोआप सगळीकडे पोचते असं समजू नका. माजी सैनिक खात्याला, पगार बाकी असेल तर संरक्षण वित्त सेवेला, आणि नागरिकत्वाचा अर्ज सुरू असेल तर तिकडेही प्रत स्वतः पाठवा. डीडी २१५ हातात पडल्यावर जुना २१४ फेकू नका. पुरवणीत फक्त बदललेले रकाने असतात, त्यामुळे जिथे जाल तिथे दोन्ही कागद एकत्रच द्यावे लागतात.